शुगर ३८ आणि दहा मार्कांचं उत्तर

पत्र:

ताई, मी पॅरामेडिकच्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या वर्षात आहे. आतापर्यंत प्रत्येक लेखी परीक्षेत वर्गात पहिली आले. गेल्या महिन्यात अ‍ॅम्ब्युलन्सवर पहिलं पोस्टिंग लागलं. तिसऱ्याच दिवशी कॉल आला. पन्नाशीतला माणूस रस्त्याकडेला पडलेला, घामाने ओलाचिंब, काहीबाही बरळत होता, हात धरू देत नव्हता. दारूचा वास येत होता. मी नाडी बघितली, बीपी घेतलं आणि पुढे काही सुचेनाच. डोक्यात सगळी पुस्तकं एकदम उघडली आणि एकही वाचता येईना. तेवढ्यात सिनियर आले, त्यांनी बोटाला टोचलं, शुगर ३८ निघाली. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, गेलं आणि थोड्याच वेळात तो माणूस ‘मी इथे कसा?’ म्हणून विचारायला लागला. हायपोग्लायसेमियावर, म्हणजे रक्तातली साखर घसरण्यावर, मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय, त्यात नऊ मिळालेत! सिनियर म्हणाले, ‘पाठांतर घरी ठेवून येत जा.’ मी या कामाला लायक नाही का? की वाचन कमी पडतंय? अजून कोणतं पुस्तक घेऊ?
– पाठांतरवाली

उत्तर:

प्रिय पाठांतरवाली,

पुस्तक घेऊ नकोस. आहे तेच उलट्या बाजूने वाच. उलट्या बाजूने म्हणजे काय, त्यासाठीच हे लांबलचक उत्तर लिहिते आहे.

आधी तुझ्या पत्रातलं एक छोटं वाक्य बघू. ‘दारूचा वास येत होता.’ तू ते सहज लिहून पुढे गेलीस, पण माझा संशय त्याच वाक्यावर आहे. तुला काही आठवलं नाही, असं तू म्हणतेस. मला वाटतं, तुला एक गोष्ट फार लवकर आठवली. नाकाने उत्तर दिलं, ‘प्यायलाय’, आणि तिथे प्रश्नच संपला. मग बाकीची पुस्तकं उघडली खरी, पण ती शोधायला कारणच उरलं नव्हतं.

हे का होतं? पुस्तक आजाराच्या नावाने लिहिलेलं असतं. वर ठळक अक्षरांत हायपोग्लायसेमिया, खाली व्याख्या, कारणं, लक्षणं, उपचार. परीक्षेत नाव आधी मिळतं आणि लक्षणं तू सांगायची असतात. रस्त्यावर लक्षणं आधी मिळतात, नाव कोणीच सांगत नाही. तुझ्या डोक्यात माहिती नावाच्या कप्प्यांत रचून ठेवली आहे, त्यामुळे कप्पा उघडायला नाव लागतं. नाव मिळालं नाही की मन जे हाताशी असेल ते नाव उचलतं. त्या दिवशी हाताशी दारू होती.

त्यात गंमत अशी की दारूचा वास आला म्हणून शुगर तपासायचं कारण कमी होत नाही, वाढतं. दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही. उपाशीपोटी बरीच प्यायलेल्या माणसाची शुगर नुसत्या त्यानेच घसरू शकते. प्यायलेला माणूस डोक्यावरही पडतो, त्यामुळे कवटीच्या आतला रक्तस्रावसुद्धा त्याच वासाखाली लपतो. ‘दारू’ हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, बाकी सगळं तपासून हात रिकामे झाले की मग.

आता वहीचं काम सांगते. कोरी वही घे. पानांना आजारांची नावं द्यायची नाहीत, कॉल जसा येतो तशी द्यायची. ‘शुद्धीवर नाही किंवा भ्रमिष्ट.’ ‘धाप लागली आहे.’ ‘छातीत दुखतंय.’ ‘आकडी आली.’ ‘रक्त थांबत नाही.’ ‘मूल मलूल पडलंय.’ एवढी सहा पानं पहिल्या महिन्याला पुष्कळ झाली. प्रत्येक पानावर तीनच प्रश्न. येत्या काही मिनिटांत याला काय मारू शकेल? ते मला कशावरून कळेल? आणि त्यातलं मी आत्ता, इथे, माझ्या हातांनी काय थांबवू शकते? आधीची पुस्तकं उघडून या तीन प्रश्नांची उत्तरं तूच शोधून भर. तयार तक्ता उतरवून घेतलास तर पुन्हा पाठांतरच होईल.

पहिलं पान आपण मिळून भरू, कारण तुझा माणूस त्याच पानावरचा आहे.

शुद्ध नसलेल्या माणसाला सगळ्यात आधी मारतो तो बंद झालेला श्वासमार्ग. जीभ मागे पडते, उलटी आत जाते. त्यामुळे आधी घशाचा आवाज ऐक. घरघर म्हणजे मार्ग अर्धवट बंद, तिथेच हनुवटी उचलायची, उलटी ओढून घेणारं सक्शन हाताशी ठेवायचं. मग श्वास चालू आहे का आणि पुरेसा आहे का, हे दोन्ही वेगवेगळं बघायचं. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि श्वास मिनिटाला सहा-सात असेल तर अफूजन्य औषधाचा विचार कर. तिथे त्यावरचा उतारा, नॅलोक्सोन, हातात असलं तरी आधी अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायचा, कारण माणूस औषधाच्या अभावाने मरत नसतो, श्वासाच्या अभावाने मरत असतो. मग नाडी, त्वचा, दिसणारं रक्त. आणि मग, काहीही असो, कोणताही वास असो, शुगर. पक्षाघातासारखं एका बाजूचं लुळेपणही कमी शुगरमुळे येऊ शकतं. आकडीही येऊ शकते. हाणामारीला उठलेला माणूसही शुगरचाच असू शकतो. म्हणून शुद्धीत कुठलाही फरक दिसला की बोट टोचायचं, हा नियम बिनडोकपणे पाळायचा. बाकी ठिकाणी डोकं वापर, इथे नको.

डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली शुगर कमी धरतात, ५४ च्या खाली गंभीर. तुझ्या माणसाची ३८ होती. गिळता येत असेल तर तोंडाने साखर, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज जातं, १० टक्क्यांचं असेल तर त्याच २५ ग्रॅमसाठी २५० मिलिलिटर लागतात. शीर नीट चालते आहे याची खात्री करूनच दे, कारण दाट डेक्स्ट्रोज शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचा भाग जळतो. शीर मिळतच नसेल तर ग्लुकॅगॉन १ मिलिग्रॅम स्नायूत, ते यकृतातली साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. पण ज्याच्या यकृतात साठाच उरलेला नाही, म्हणजे उपाशी माणूस किंवा नेमका तुझ्या त्या माणसासारखा दारू प्यायलेला पेशंट, त्याच्यावर ते फारसं चालत नाही. (विद्यार्थी म्हणून तुला यातलं काय द्यायची परवानगी आहे, ते तुझ्या सेवेच्या प्रोटोकॉलमध्ये बघ. ते पान मात्र खरंच पाठ कर.)

आणि तुझ्या गोष्टीत जिथे शेवट झाला, तिथे तो होत नाही. माणूस उठून बसला, बोलायला लागला, ‘मी आता बरा आहे, घरी जातो’ म्हणाला. अशा वेळी विचारायचं की मधुमेहासाठी काय घेता? ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या असतील तर त्या स्वादुपिंडाला तासन्‌तास इन्सुलिन सोडायला लावतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जास्त वेळ. दिलेली साखर संपली की शुगर पुन्हा खाली येते आणि तेव्हा तो घरी एकटा झोपलेला असतो. म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं आणि असा पेशंट रुग्णालयात देखरेखीखाली न्यायचा. तुझ्या सिनियरांनी हे केलं का, तू लिहिलेलं नाहीस. विचार त्यांना. शिकलेलं दाखवायला नको, खरंच काय केलं ते कळायला.

माझाही एक कप्पा चुकला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी ‘आकडी आली आहे’ म्हणून कॉल होता. पोचले तेव्हा माणसाचे हात-पाय झटकत होते, मग थांबले. मी त्याला कुशीवर वळवलं, वेळ टिपली, आकडीनंतरची गुंगी आहे असं नातेवाइकांना समजावलं. तो अधूनमधून मोठा आवाज करून हवा ओढत होता, मला वाटलं श्वास चालू आहे. माझ्याबरोबरच्या दादांनी खाली वाकून गळ्यावर बोटं ठेवली आणि काही न बोलता छाती दाबायला सुरुवात केली. हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही क्षण झटके येऊ शकतात, ते आकडीसारखेच दिसतात. आणि ते आचके म्हणजे श्वास नव्हे. हे दोन्ही मी वाचलेलं होतं, पण ‘हृदय बंद पडणे’ या धड्यात. कॉलवर नाव ‘आकडी’ मिळालं म्हणून मी आकडीचा धडा उघडला. तो माणूस वाचला नाही. माझ्या त्या मिनिटाने फरक पडला असता की नाही, ते मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून माझ्या वहीत ‘आकडी’च्या पानावर पहिली ओळ आहे, ‘झटके थांबले की गळ्यावर बोटं’, आणि दुसरी, ‘शुगर’. पाच मिनिटांहून जास्त चाललेली आकडी, गरोदर बाईची आकडी, हे सगळं त्याच्या खाली.

नावाशिवाय उपचार सुरू करायचे, ही गोष्ट डॉक्टरांनाही सहजासहजी सुचलेली नाही. जेम्स स्टायनर नावाचे अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक १९७६ मध्ये स्वतः विमान चालवत होते आणि नेब्रास्कात ते कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात जे उपचार मिळाले, ते पाहून ते हादरले. तेव्हाची शिकवण अशी होती की आधी पूर्ण इतिहास विचारा, मग डोक्यापासून पायापर्यंत तपासा, मग निदान, मग उपचार. गंभीर जखमी माणसाकडे एवढा वेळ नसतो. त्यातून १९७८ मध्ये अपघातग्रस्तांच्या उपचारांचा जो अभ्यासक्रम सुरू झाला, तो आज एटीएलएस म्हणून जगभर शिकवतात. त्याचं म्हणणं साधं आहे. जे आधी मारेल ते आधी हाताळा, पक्कं निदान नाही म्हणून थांबू नका. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम पाठ करायला सोपा म्हणून ठरलेला नाही, माणूस ज्या वेगाने मरतो त्या वेगाने तो लावलेला आहे. म्हणूनच मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत असेल तर हल्ली आधी रक्त थांबवायला सांगतात. तिथे रक्तच श्वासमार्गाच्या आधी मारतं.

‘धाप’ या पानाबद्दल थोडंच सांगते, बाकी तू भर. एक, दम्याच्या पेशंटच्या छातीतली शिट्टी थांबली आणि तरी तो थकलेला, गुंगीत दिसतोय, तर तो सुधारला नाही, हवाच आत-बाहेर होणं थांबलंय. दोन, अंगावर पित्त उठलंय, ओठ सुजलेत, धाप आहे किंवा बीपी पडतंय, तर अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, आणि सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅलर्जीची बाकीची इंजेक्शनं नंतर. आणि त्याला एकदम उठवून चालवायचं नाही. तीन, पल्स ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास नको. धुरात कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल तर ते यंत्र खुशाल ९९ दाखवतं.

इथे मला जरा चिडायचं आहे. विद्यार्थ्यांच्या केसशीट तपासताना मी श्वासाचा रकाना बघते. अठरा, अठरा, अठरा, वीस, अठरा. जगातली सगळी माणसं मिनिटाला अठरा श्वास घेतात असं दिसतं! कोणी मोजतच नाही, कारण त्यासाठी यंत्र नाही, घड्याळाकडे बघत उभं राहावं लागतं. आणि तब्येत बिघडायला लागली की बहुतेक वेळा हाच आकडा सगळ्यात आधी हलतो. शरीरात आम्ल साठायला लागलं, मग ते रक्तस्रावामुळे असो, जंतुसंसर्गामुळे किंवा वाढलेल्या शुगरमुळे, की ते बाहेर टाकायला फुप्फुसं वेग वाढवतात. बीपी तेव्हाही छान असतं. ऑक्सिजन ९८ असतो. फक्त श्वास अठ्ठावीस असतो आणि शीटवर लिहिलेलं असतं अठरा. मनगट हातात धर, नाडी मोजतेय असं दाखव आणि छातीकडे बघत तीस सेकंद मोज, दुप्पट कर. श्वास अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. श्वास मोजतेय हे पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो बदलतो.

लहान मुलांत तर बीपी आणखी फसवं. मूल रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. त्यामुळे थंड पाय, दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाल न होणारी त्वचा, आईकडेही न बघणारे डोळे, हे बीपीच्या आधी.

आता राहिला तुझा मूळ प्रश्न, हात का थांबले. हात सगळ्यांचेच थांबतात. थांबलेल्या हातांना चालना द्यायची एक जुनी युक्ती आहे, मोठ्याने बोलायचं. ‘डोळे उघडले. श्वासमार्ग मोकळा. श्वास मोजते. नाडी मनगटाला लागते. बाहेर रक्त नाही. शुगर घेते.’ तोंड चालू राहिलं की हातही त्याच्या मागोमाग चालायला लागतात, आणि मधली पायरी गाळलीस तर बरोबरचा माणूस ती ऐकतो. त्या दिवशी तू नाडी आणि बीपीनंतर गप्प झालीस. बोलत राहिली असतीस तर ‘आता’ या शब्दापुढे काहीतरी आलंच असतं.

याचा सराव एकटीने होत नाही. वर्गातली एक मैत्रीण धर. तिने एक पेशंट मनात ठरवायचा आणि तुला फक्त कॉलची ओळ सांगायची, ‘साठ वर्षांची बाई, भ्रमिष्ट’. त्यापुढे तू जे मागशील तेवढंच ती देईल. श्वास किती विचारलंस तर आकडा, नाही विचारलंस तर गप्प. शुगर मागितली नाहीस तर शुगर नाही. तीन मिनिटांत संपवायचं आणि मग तिने ठरवलेला आजार सांगायचा. पहिले दहा खेळ फार अपमानास्पद जातात. मैत्रीण हसेल. हसू दे.

याच खेळात औषधाचं गणितही घाल, कारण गोंधळात तेच सगळ्यात आधी पळतं. अ‍ॅड्रेनलिनच्या अँप्युलवर १:१००० म्हणजे १००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. १:१०,००० म्हणजे त्याच १ मिलिग्रॅमला १० मिलिलिटर. एका शून्यात दहापट औषध. बारा किलोच्या मुलाला अ‍ॅलर्जीच्या झटक्यात किलोला ०.०१ मिलिग्रॅमप्रमाणे ०.१२ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० चे ०.१२ मिलिलिटर. ते १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्येच नीट मोजता येतं, पाचच्या सिरिंजमध्ये नाही. हे रोज एकदा, वेगळ्या वजनाने, मोठ्याने कर. आणि प्रत्यक्षात भरलेली सिरिंज दुसऱ्याला दाखवून, औषध आणि मात्रा उच्चारूनच दे, कितीही वर्षं झाली तरी.

सिनियरांबद्दल. ते जे बोलले ते तिथे, पेशंटसमोर बोलायची गरज नव्हती. पण पाठांतर घरी ठेवायला सांगणं मला पटत नाही. ३८ हा आकडा कानावर पडताच तुला त्याचा अर्थ कळला, तो पाठांतरामुळेच. ज्याला ५४ आणि ७० माहीत नाहीत त्याला ग्लुकोमीटर देऊन काय उपयोग? तुझं सामान भरपूर आहे, फक्त ज्या खणात हात जातो त्या खणात ते नाही. लायक आहेस की नाही, याचं उत्तर एका कॉलवरून मी देणार नाही, तूही देऊ नकोस. वही भर, चाळीसेक खेळ खेळ, आणखी दोन पोस्टिंग कर, मग पुन्हा लिही.

तोवर पुढच्या ड्युटीला गाडीत चढलीस की ग्लुकोमीटर उघडून बघ. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख, झाकण घट्ट लागतं का, कारण दमट हवेत पट्ट्या बिघडतात आणि आकडा चुकतो. टोचण्याआधी बोट पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. आणि ज्याच्या बोटाला नातेवाइकांनी भरवलेल्या साखरेचा हात लागलाय, त्याचं दुसरं बोट धुऊन घे, नाहीतर ३८ चे १३८ दिसतील.

– ताई